रुखवतातली शाळा

आत्याच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘यंदा’. यंदा अनुदान येणार, यंदा मान्यता मिळणार, यंदा पगार सुरू होणार. दूधवाला विचारायचा, समोरची म्हातारी विचारायची, एसटीत भेटलेला कुणी लांबचा पाहुणाही विचारायचा, “बाई, पगार कवा सुरू व्हणार म्हणं?” आणि आत्या पदर खोचत, जराही न चिडता म्हणायची, “यंदा.” मी आठवीला औशाला तिच्याकडं राहायला आले तेव्हा यंदा होतं आणि दहावीत गेले तरी यंदाच होतं. कुसुमआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. औशातल्या एका खाजगी शाळेत ती गणित शिकवायची आणि त्याचा तिला पगार नव्हता. हे आज माझ्या नातवंडांच्या वयाच्या पोरांना सांगितलं की ती विचारतात, म्हणजे कमी होता का? कमी नाही रे बाबांनो, नव्हताच. शाळा विनाअनुदानित होती. सरकारचं अनुदान आलं की पगार, आणि तोवर रोज वेळेवर यायचं, पूर्ण तास घ्यायचे, पेपर तपासायचे, झेंडावंदनाला इस्त्रीची साडी नेसायची. संस्थेचे अध्यक्ष त्याला ‘सेवा’ म्हणायचे.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं फरशीचा एवढासा ओटा आणि मागं न्हाणी. लग्नानंतर थोड्याच काळात आत्याच्या नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं, का ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आत्यानं कधी विचारलं नाही. ती म्हणायची, “त्याला विचारत बसले असते तर बी.एड.चा फॉर्म भरायचा राहिला असता.” अशी ती होती. घर चालायचं ते शिकवण्यांवर आणि माझ्या वडिलांवर. जळकोटकडच्या आमच्या गावाहून वडील ज्वारीची पोती, तुरीची डाळ, शेंगा, कधी गुळाची ढेप पाठवून द्यायचे आणि वर निरोप, पोरीला तुझ्याकडं ठेवलंय तर तिचं खाणं नको का द्यायला. माझ्यासारख्या काटकुळ्या पोरीला एवढी ज्वारी लागत नाही हे वडिलांना कळत होतं आणि आत्यालाही कळत होतं, पण बहीण-भाऊ दोघंही मी राक्षसासारखी खाते असं धरून चालायचे. पाहुण्यांसमोर आत्या मुद्दाम म्हणायची, “बया, हिची भूक बघा.” मला तेव्हा लई राग यायचा.

भिंतीपलीकडं नसीमबाई राहायच्या. त्या आमच्याच शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायच्या, त्यांनाही ‘यंदा’च होतं. त्यांचे वडील औशातले जुने शिंपी. आता त्यांचे डोळे गेले होते, म्हणून शिलाई मशीन नसीमबाई चालवायच्या. शाळा सुटली की त्या मशीनचा आवाज आमच्या भिंतीतून यायचा तो दिवेलागणीपर्यंत. बसस्टँड जवळ होतं, तिथून सोलापूर गाडी, लातूर गाडी असा कंडक्टरांचा पुकारा यायचा, मधेच अजान व्हायची, आणि या सगळ्यात आत्या मला त्रिकोणाच्या एकरूपतेच्या कसोट्या विचारत भाकरी थापायची. चुकलं तर थापण्याचा आवाज मोठा व्हायचा. जेवायला भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, शेंगाची चटणी, अंबाडीच्या दिवसांत अंबाडी. शुक्रवारी नसीमबाईंकडून खिचडी-खट्टा यायचा. चिंचेचा तो पातळ आंबट खट्टा मी अजून करते, पण माझ्या सुना म्हणतात फार आंबट होतो. त्यांना काय कळतंय.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर शाळेतले शिक्षक जमायचे. आत्या चुरमुरे भिजवून सुशीला करायची, भरपूर शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घालून, कारण पोह्यांपेक्षा ती स्वस्त पडायची. विज्ञानाचे बिरादार सर सगळ्यात आधी यायचे. ते एम.एस्सी. झाले होते आणि सुट्टीच्या दिवशी सासऱ्याच्या कापड दुकानात कापड फाडायला उभे राहायचे. इतिहासाचे सर एका वकिलाकडं टायपिंग करायचे. सगळे मिळून अध्यक्षांना अशा शिव्या द्यायचे की आत्या मला आत पाठवायची, आणि मी आत जाऊन दाराला कान लावायची. बिरादार सर म्हणायचे, “आपण काय त्येंच्या शेतातले सालगडी हाव का? सालगड्याला तर गुढीपाडव्याला धान्य तरी मिळतंय.” सगळे हसायचे, सुशीला परत घ्यायचे. आणि सोमवारी अध्यक्षांची जीप शाळेच्या फाटकातून आत आली की हेच सगळे व्हरांड्यात ओळीनं उभे राहून “नमस्कार अण्णा” म्हणायचे. मी एकदा आत्याला म्हटलं, “हे सर लोक भित्रेच आहेत.” आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बास. “भित्रा माणूस फुकट रोज कामाला येतो का गं? बिरादार सरांनी परवा स्वतःच्या पैशानं प्रयोगाला लिटमस आणलाय. भितात ते, पण येतात.” मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

अण्णांबद्दलही सरळ सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मिशाळ खलनायक उभा करतेय. त्यांना मिशा होत्या, पण ते खलनायक नव्हते. गावाच्या त्या अंगाला मुलींना शाळा नव्हती, ती त्यांनी स्वतःच्या जमिनीवर काढली. पत्रे त्यांनी घातले, हापसा त्यांनी पाडला. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर जीप पाठवायचे. त्यांचं एकच म्हणणं होतं की शाळेतली सगळी आपलीच माणसं. त्यामुळं त्यांच्या शेतात हुरडा असला की आपल्याच माणसांनी हुरडा भाजायचा, निवडणूक आली की आपल्याच माणसांनी घरोघर फिरायचं, आणि घरात कार्य निघालं की आपल्याच माणसांनी पंगती वाढायच्या. ही रीतच होती. लातुरात असो, नांदेडात असो, त्या काळात अशा शाळांमधल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, त्यानं अध्यक्षाच्या घरच्या पंगतीत बुंदी वाढलेली असणार. आपल्या माणसाला पगार मागता येत नाही, ही त्यातली खरी मेख.

मी दहावीला असताना माघात अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं. छाया तिचं नाव, आमच्याच शाळेतून दहावी झालेली, आत्याची विद्यार्थिनी. मुलगा मुदखेडचा, घराणं मोठं, शेतीवाडी, नांदेडला दुकानं. त्याच सुमारास शाळेची तपासणी होणार अशी खात्रीची बातमी आली आणि तपासणीआधी अण्णा मान्यतेसाठी शिक्षकांची नावं पाठवणार होते. ज्याचं नाव गेलं त्याला पगार, ज्याचं राहिलं त्याची इतक्या वर्षांची सेवा पाण्यात. त्यामुळं हेडसरांनी लग्नाची कामं वाटून दिली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. सरांनी पंगती आणि पाहुण्यांच्या गाड्या बघायच्या, बायांनी रुखवत करायचं. रुखवतासाठी सातवीचा वर्ग मोकळा केला, तिथली मुलं वडाखाली बसवली. लग्न होईपर्यंत आत्या आणि नसीमबाईंचे सगळे तास बंद.

त्या दिवशी आत्या घरी आली ती चप्पल न काढता तशीच ओट्यावर बसली. पगाराचं तिनं कधी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. म्हणाली, “दहावीचं वर्तुळ राहिलंय. निर्देशक भूमिती राहिलीय. पेपर तोंडावर आलाय आणि मी मण्यांचे मोर करू?” नसीमबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, यंदा नक्को बोलू कुछ. यंदा नावं जानार हायत.” आत्या चप्पल काढून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं, तर आम्हा दहावीच्या मुलींना सरळ त्या रुखवताच्या वर्गात बोलावलं. मण्यांच्या परड्या, रंगीत कागद, नारळावर लावायची टिकली, यांच्या भोवती आम्ही गोल करून बसलो. आत्या सुपाऱ्यांची वऱ्हाडी मंडळी करता करता वर्तुळाची प्रमेयं सांगू लागली. जीवेला केंद्रातून लंब टाकला की काय होतं? जीवा दुभागते. हे सांगताना तिच्या हातात सुपारीची करवली होती. नसीमबाई एका बाजूला फेटे शिवत होत्या आणि आम्ही चुकलो की गालात हसत होत्या. खरं सांगते, आयुष्यात पुढं मी बरंच शिकले, मोठमोठ्या हॉलमध्ये बसून शिकले, पण इतकं मन लावून कुठं शिकले नाही. भूमितीचं पुस्तक उघडलं की अजून मला डिंकाचा वास येतो.

हे थोडेच दिवस चाललं. अण्णांच्या घरून बायका रुखवत बघायला आल्या, त्यांना आमचे शाईचे हात दिसले. हेडसरांनी येऊन सांगितलं, पोरींना बाहेर काढा, सामान मळतंय. आत्या म्हणाली, “सर, मग मी रुखवत घरी करते, शाळेत तास घेते.” हेडसर खाली बघत म्हणाले, “बाई, मला बी वर उत्तर द्यायचंय. समजून घ्या.” आम्ही दप्तरं उचलली. त्याच दुपारी अण्णा स्वतः आले, खुशीत होते. सुपारीचं वऱ्हाड बघितलं, मोठ्या करंज्या बघितल्या, मग म्हणाले, “बाई, या रुखवतात आपली शाळा पायजे. मुदखेडकरांना कळू द्या, आपली संस्था काय हाय. हुबेहूब करा. पत्रे, हापसा, पोरं, मास्तर, समदं दिसलं पायजे.” आत्यानं विचारलं, “समदं दाखवू, अण्णा?” अण्णा म्हणाले, “अगदी समदं.”

शाळेची इमारत त्या वर्गातच झाली. पुठ्ठ्याच्या भिंती, पत्र्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी, काडेपेटीचे बाक. फाटकावर नाव, आत हापसा, वडाच्या झाडाला खऱ्या पारंब्या. अण्णांनी एकदा येऊन बघितली आणि पाठ थोपटली. बाहुल्या मात्र नसीमबाईंनी घरी केल्या, रविवारच्या दुपारी, आमच्याच ओट्यावर. मुलींच्या निळ्या परकराच्या बाहुल्या झाल्या, मग आत्या म्हणाली, “आता सर लोक. हातात बादली पायजे.” नसीमबाईंची सुई थांबली. “बादली?” “बुंदीची. आन एकाला मठ्ठ्याचं भांडं. एक जण गाडीचं दार उघडून उभा. आन दोन बाया रुखवत करत बसलेल्या.” नसीमबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. मी समोर शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला कळायचं वय झालं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “औशात असल्या बाहुल्या कोन करतं ते पोराटोरांना ठावं हाय. मी न्हाई म्हनलं तरी माझंच नाव येनार.” आत्या म्हणाली, “तर मग राहू दे. मी कागदाचे करते, वेडेवाकडे.” नसीमबाईंनी तिच्या हातून कात्री काढून घेतली. “वाकडे कायकू? करायचे तर चांगले करू.” आणि त्यांनी बिरादार सरांना बारीक चौकड्यांचा सदरा शिवला, त्यांचा होता तसा.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडायचं काम आत्याकडंच होतं. मांडवात सकाळीच टेबलं लावली, पांढऱ्या चादरी घातल्या, आणि शाळा मधोमध ठेवली. वर्गांत मुलींच्या बाहुल्या ओळीनं बसलेल्या, फळे कोरे, समोर खुर्च्या रिकाम्या. फाटकाबाहेर छोटीशी पंगत आणि पंगतीत बादल्या घेऊन वाकलेले सर. पहिल्यांदा बघितलं तर नुसतं गोड दिसायचं. बघत राहिलं की मग त्या रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. मी टेबलाच्या टोकाला उभी राहून चादरीची कड उगाच सारखी करत होते. आत्या मात्र आवळा-सुपारी खात निवांत उभी होती, ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून.

दुपारी नवरदेवाकडच्या बायका वाजतगाजत रुखवत बघायला आल्या. पुढं नवरदेवाची आजी, उंच, धिप्पाड, कपाळावर मोठं कुंकू. ती प्रत्येक वस्तू वाकून बघत होती, लाडू टकटक वाजवून बघत होती. शाळेपाशी थांबली. “ही काय, शाळा का? झ्याक केलीय. आन मास्तर कुठं हायत?” आत्यानं बोट दाखवलं, “हे काय आज्जी, बाहीर. बुंदी वाढून राहिलेत.” नेमके तेव्हाच चौकड्यांच्या सदऱ्यातले खरे बिरादार सर बुंदीची बादली घेऊन टेबलामागून पंगतीकडं चालले होते. आजीनं बाहुलीकडं बघितलं, सरांकडं बघितलं. बायका खदाखदा हसल्या. बिरादार सर थांबले, शाळा बघितली, आणि तिथंच उभे राहिले. आजी हसली नाही. तिनं आत्याला विचारलं, “तुमी कोन?” “मी गणिताची बाई.” “मंग पोरींचा तास कोन घेऊन राहिलंय?” आत्या म्हणाली, “कुनीच न्हाई. लग्नाची गडबड हाय ना. ह्या पोरींचा दहावीचा पेपर हाय, महिन्यावर आलाय.” आणि तिनं मला खांद्याला धरून पुढं केलं. एवढ्या बायकांत मला रडूच फुटलं. आजीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या पोराला, म्हणजे नवरदेवाच्या बापाला, मोठ्यानं हाक मारून बोलावलं, “इकडं ये, बघ तुझ्या व्याह्यानं काय मांडलंय.”

व्याह्यांसोबत अण्णाही आले. त्यांनी बघितलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ते हळू आवाजात हेडसरांना म्हणाले, “ह्ये उचला इथनं.” हेडसर पुढं झाले. पण मांडलेलं रुखवत नवरीचं असतं. वरपक्षाच्या नजरेखालून गेलेली वस्तू परत घरात नेली तर अपशकुन, हे तिथल्या सगळ्या बायकांना माहीत होतं, हेडसरांनाही माहीत होतं. आजीनं पुठ्ठ्याच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आमचं हाय ह्ये आता.” शाळा गेली मुदखेडला, छायाच्या सामानाबरोबर टेम्पोत बसून. आत्यानं अण्णांना फसवलं असं कुणी म्हणतात. मी म्हणते, फसवलं कुठं? त्यांनी समदं दाखवा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आत्याला वाड्यावर बोलावलं. मांडव अजून सोडायचा होता. टेबलावरच्या चादरी धुऊन द्यायच्या होत्या, त्या उचलायला मी बरोबर गेले आणि ओसरीच्या पायरीवर घड्या घालत बसले. मला वाटलं होतं अण्णा ओरडतील. ते ओरडले नाहीत, रात्रभर झोपले नसावेत असे दिसत होते. लेक सासरी गेली होती, घर रिकामं वाटत असणार. त्यांनी आत्याला चहा द्यायला लावला. मग म्हणाले, “बाई, तुमचा भाऊ माझ्या वळखीचा. तुमी आपलं मानूस. ह्ये तुमचं डोकं नव्हं, मला म्हाईत हाय. बाहुल्या तिनं केल्या. तिच्या डोक्यातनं निघालं, तिनं तुमाला फशी पाडलं, एवढं उद्या समद्या मास्तरांम्होरं बोला. तिचं नाव काढू, तुमचं जाईल. मी शब्द देतो.” मी घडी घालायची थांबले. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की आत्यानं हो म्हणावं. मला नसीमबाई आवडायच्या, पण आत्याचा पगार सुरू व्हावा एवढीच मागणी मी आठवीपासून रोज देवाला करत होते.

आत्यानं चहा संपवला. बशी खाली ठेवली. म्हणाली, “अण्णा, तुम्ही शाळा काढली म्हणून मी मास्तरीण झाले, हे मी इसरणार न्हाई. पण बाहुल्यांच्या हातात बादल्या द्यायला मी सांगितलं. तिनं नक्को म्हटलं होतं.” अण्णा म्हणाले, “इचार करून बोला. नाव एकदा राहिलं की राहिलं.” आत्या म्हणाली, “केलाय. तिचं नाव काढू नका. तिच्यासारखे हात तालुक्यात न्हाईत, आन चूक तिची न्हाई.” “आन तुमची हाय?” आत्यानं पदर खोचला. मग म्हणाली, “माझीबी न्हाई. पण करणारी मी हाय.” अण्णा उठून आत गेले. परत बाहेर आले नाहीत. आम्ही चादरी घेऊन निघालो.

आत्याचं नाव गेलं नाही. नसीमबाईंचं गेलं. वाड्यावर काय बोलणं झालं ते आत्यानं त्यांना सांगितलं नाही, पण मी सांगितलं, मला राहवेना. त्या पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या, मग अण्णांकडं जायला निघाल्या की माझंही काढा. आत्या दार अडवून उभी राहिली, “खुळी झालीस का? आब्बांचे डोळे कोण बघणार? एकीचा तरी सुरू होऊ दे.” अनुदान काही त्या वर्षी आलं नाही, पुढंही बरेच यंदा गेले, पण नसीमबाईंचा पगार झाला, आणि त्या निवृत्त होईपर्यंत शुक्रवारची खिचडी कधी चुकली नाही. आत्या लातूरला गेली. तिथं क्लासेसचं पेव फुटलं होतं, तिथं दुसऱ्याच्या क्लासमध्ये शिकवलं, तिथल्या मालकाशीही भांडली, शेवटी स्वतःच्या खोलीत मुली घेऊन बसली. तिला म्हातारपणी पेन्शन नव्हती. आज माझा नातू पुण्यात नोकरी करतो, कंत्राटावर, दर वर्षी त्याला साहेब सांगतो की पुढच्या वर्षी कायम करू, आणि साहेबाच्या घरच्या वाढदिवसाला ह्याला जावं लागतं. तो फोनवर वैतागून सांगतो तेव्हा मी त्याला आत्याचं सांगते. तू भांड असं मी म्हणत नाही. आत्याला काय मोजावं लागलं ते मी बघितलंय. फक्त सांगते की अशी एक बाई आपल्या घरात होऊन गेली आणि ती लाचार नव्हती.

पण मला इथं लिहायचं होतं ते त्या वाड्यावरच्या सकाळनंतरचं. घरी येऊन चादरी भिजत टाकल्या. बातमी आमच्या आधी शाळेत पोचली होती. आत्याचं नाव कापलं, ती आता येत नाही, असं सगळे धरून चालले होते. त्या दिवशी सगळ्या शिक्षकांना मांडव सोडायला आणि भाड्याची भांडी परत करायला वाड्यावर जायचं होतं. मी शाळेत पोचले तेव्हा सगळे सर व्हरांड्यात चपला घालत होते. आम्ही दहावीच्या मुली वर्गात नुसत्याच बसलो होतो. घंटा झाली. फाटकातून आत्या आली, रोजच्या सुती साडीत, काखेत कंपास पेटी आणि मोठी लाकडी पट्टी. तिला आता शाळेकडून कसलीच आशा नव्हती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. ती व्हरांड्यातून सरांच्या मधून चालत आली, “सरका जरा” म्हणाली, वर्गात शिरली, फळा पुसला आणि म्हणाली, “वह्या काढा. स्पर्शिका राहिलीय.”

तिनं वर्तुळ काढलं. हातानंच काढायची, आणि गोल यायचं. आम्हा मुलींपैकी कुणालाच आधी पेन उघडता येईना. खिडकीतून मला व्हरांडा दिसत होता. सर लोक तसेच उभे होते. हेडसर म्हणाले, “चला, अण्णा वाट बघून राहिलेत.” बिरादार सरांनी पायातली चप्पल काढली, भिंतीकडेला नीट लावून ठेवली, आणि खडू घेऊन आठवीच्या वर्गात गेले. मग इतिहासाचे सर गेले. नसीमबाईंनी सातवीच्या मुलांना वडाखालून उठवून त्यांच्या वर्गात आणलं. हेडसर थोडा वेळ एकटेच उभे राहिले. मग नववीच्या वर्गातून त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मराठीची कविता सुरू झाली. वाड्यावरून दोनदा माणूस बोलवायला आला आणि दोन्ही वेळा फाटकापाशी थांबून, आतले आवाज ऐकून, परत गेला. त्या दिवशी शाळेत सगळे तास झाले.